घासागणिक भुंकणारा कुत्रा

पत्राचा सारांश: घरात नवरा-बायको, तीन वर्षांचा मुलगा, सासरे आणि चार वर्षांचा, १४ किलो वजनाचा, नसबंदी झालेला मिश्र जातीचा कुत्रा. एरवी गुणी, पण जेवणाची तयारी सुरू झाली की तो पायात घुटमळतो, कुईकुई करतो, मांडीवर पंजे ठेवतो आणि शेवटी भुंकत सुटतो. दोनदा त्याने मुलाच्या हातातला खाऊ ओढून घेतला. एकदा खाली पडलेला तुकडा मुलगा उचलायला गेला, तेव्हा तो गुरगुरला. नवऱ्याचं म्हणणं, कुत्रा डोक्यावर बसलाय, मालक कोण हे त्याला दाखवायला हवं. सासऱ्यांना त्याच्या नजरेपुढे घास गिळवत नाही, म्हणून ते गुपचूप काहीतरी देतात. पत्र लिहिणाऱ्या वाचक भगिनींनी आठवडाभर त्याच्याकडे पूर्ण दुर्लक्ष करून पाहिलं, तर भुंकणं दुप्पट झालं. खोलीत बंद केलं की तो रडतो आणि अपराधी वाटतं. त्या विचारतात, ‘तो लाडाने बिघडलाय का? आमच्यापैकी बरोबर कोण? आणि कोणाचं मन न दुखवता हे थांबवायचं कसं?’

तुमच्या पत्राचा भर भुंकण्यावर आहे आणि गुरगुरण्याचा उल्लेख जाता जाता आलाय. उत्तराची सुरुवात मात्र गुरगुरण्यापासूनच करावी लागेल, कारण भुंकणं महिनाभर चाललं तरी फक्त कान किटतील. तुकडा उचलायला वाकलेल्या तीन वर्षांच्या मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, हे विसरून चालणार नाही.

आजपासून एक नियम: मुलाच्या हातात किंवा पुढ्यात खाणं असेल तेव्हा कुत्रा आणि मूल यांच्यामध्ये अडसर हवा. दारात बसवायची लहान मुलांची जाळी असेल तर उत्तम, नाहीतर बंद दार. ‘मी लक्ष ठेवून आहे’ हा अडसर नव्हे. हा नियम फक्त जेवणापुरता नाही, हातात बिस्किट घेऊन घरभर फिरणारं मूलही त्यात आलं. खाणं संपलं की आधी जमीन झाडून घ्यायची आणि मगच कुत्र्याला आत सोडायचं.

गुरगुरण्यावर त्याला रागावू नका. गुरगुरणं म्हणजे ‘जवळ येऊ नकोस’ अशी सूचना. शिक्षा केली की सूचना बंद होते, पण घास हिरावला जाईल ही धास्ती तशीच राहते. असा कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावू शकतो. गुरगुरण्याच्या आधीच्या खुणा ओळखायला घरातल्या सगळ्यांनी शिका: अंग एकदम ताठ होणं, मान खाली घालून तुकडा झाकणं, अचानक भराभर खाणं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं. त्याने काही पळवलंच तर जबडा उघडून काढून घेऊ नका. मुलाला उचलून बाजूला करा, कुत्र्याच्या आवडीचे चार-पाच तुकडे सात-आठ फुटांवर फेका, तो तिकडे गेला की पळवलेली वस्तू उचला. ती विषारी किंवा धोकादायक नसेल तर सरळ सोडून दिली तरी चालेल. पुन्हा गुरगुरला, तर पशुवैद्याला दाखवा आणि मारझोडीशिवाय, बक्षिसावर शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला घरी बोलवा. दात, कान किंवा सांधे दुखत असले तरी कुत्रा खाण्याजवळ चिडका होतो. ते आधी तपासून घेतलेलं बरं.

आता ‘बिघडलाय का’ या प्रश्नाकडे येऊ. मला तरी तो बिघडलेला वाटत नाही. तो फार छान शिकलाय, फक्त काय शिकवायचं हे तुम्ही ठरवलं नव्हतं. रोज ठरावीक वेळी ठरावीक माणसाजवळ बसलं, पंजा ठेवला, आवाज केला की कधीकधी काहीतरी मिळतं, हा त्याचा अनुभव आहे. यातलं ‘कधीकधी’ महत्त्वाचं. प्रत्येक वेळी बक्षीस मिळणारी सवय, बक्षीस थांबलं की तुलनेने लवकर सुटते. अधूनमधून, बेभरवशाने मिळालं तर ती चिवट होते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकात कबुतरांवर आणि उंदरांवर हे तपशिलाने दाखवलं. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस दहा वेळा हरूनही अकराव्यांदा घेतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे ‘आम्ही फार क्वचित देतो’ हा बचाव इथे उलटाच पडतो.

तुमच्या त्या आठवड्याचा अर्थही यातून लागतो. नेहमी काम करणारी युक्ती अचानक चालेनाशी झाली की कुत्रा ती आधी जास्त जोराने करून बघतो. भुंकणं वाढलं, म्हणजे दुर्लक्षाचा परिणाम होऊ लागला होता. दुर्दैवाने नेमक्या त्या टप्प्यावर बहुतेक घरं हार मानतात. त्यावेळी कोणीतरी एक तुकडा टाकला की कुत्रा शिकतो: हळू आवाजात भागत नाही, एवढं भुंकावं लागतं. तुमचा प्रयत्न चुकीचा नव्हता, पण नुसत्या दुर्लक्षावर भिस्त ठेवायला घरातले सगळे हात बंद असावे लागतात. तुमच्याकडे मुलाच्या हातातून सांडतं आणि सासऱ्यांच्या हातातून सुटतं. त्यामुळे पुन्हा तोच प्रयोग करा, असं मी सांगणार नाही.

नवऱ्याच्या म्हणण्यात तळमळ आहे, पण पाया कच्चा आहे. ‘कुत्रा वरचढ होऊ बघतो, म्हणून आपण आधी जेवायचं, तो नंतर’ ही कल्पना लांडग्यांवरून आली. प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेन्केल यांनी १९४७ मध्ये पिंजऱ्यातल्या, एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं आणि तेच चित्र पुढे कुत्र्यांवर चिकटवलं गेलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये दाखवून दिलं की कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असं कुटुंब असतं, सतत गादीसाठी झुंजणारी टोळी नव्हे. तुमच्या कुत्र्याला घराचा कारभार नको आहे, त्याला तुकडा हवा आहे. ओरडण्याने एक तर त्याला हवं असलेलं लक्ष मिळतं, नाहीतर जेवणाच्या वेळेची धास्ती बसते, आणि खाण्यावरून गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ती धास्ती परवडणारी नाही. पाण्याचा फवारा आणि झटका देणारा पट्टा यांनाही हेच लागू. जेवणाचा क्रम मात्र सोयीसाठी बदला: त्याचं जेवण तुमच्या आधी अर्धा तास उरकून घ्या. पोट भरलेलं असलं की शिकणं सोपं जातं.

मागणारा कुत्रा खरंच उपाशी आहे का, हेही एकदा पाहून घ्या. बरगड्यांवरून हलका हात फिरवल्यावर त्या सहज लागायला हव्यात, पण ठळक दिसायला नकोत. नसबंदी झालेल्या १४ किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे बहुतेक कोरड्या खाद्याचे २०० ते २३० ग्रॅम. नेमका आकडा पिशवीवरच्या कॅलरीवरून काढा आणि कपाने न मोजता वजनकाट्यावर मोजा. कपात प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. भूक अलीकडेच वाढली असेल, सोबत पाणी पिणं आणि लघवी वाढली असेल, किंवा खाऊनही वजन उतरत असेल, तर आधी रक्ततपासणी करा. मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल जास्त होण्याचा आजार), स्वादुपिंडाचे विकार आणि जंत या सगळ्यांत असं होतं. स्टिरॉइड आणि फिट्सवरची फेनोबार्बिटल यांनीही भूक खवळते. लॅब्रॅडॉर पाळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: या जातीतल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकात खोट आढळते, तिचा भुकेशी आणि वजनाशी संबंध आहे, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. अशा कुत्र्याला नियम लागतातच, फक्त त्याला हावरट म्हणणं अन्यायाचं आहे.

आता तुमचा अपराधीपणा. खोलीत बंद करणं म्हणजे शिक्षा, असं तुम्ही धरून चाललाय. ती शिक्षा ठरते, कारण तो भुंकल्यानंतर तुम्ही त्याला उचलून आत टाकता आणि आत काहीच नसतं. क्रम बदला. पहिले दोन-तीन आठवडे प्रत्येक जेवणाला, खाणं बाहेर येण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी, तो शांत असतानाच त्याला जाळीपलीकडे न्या. त्याआधी फिरवून, शी-शू उरकून आणा. आत गेल्यावर त्याला काम द्या: पोकळ रबरी खेळणं, त्यात त्याच्याच खाद्यातले मूठभर दाणे पाण्यात भिजवून ठासून भरलेले आणि चार-पाच तास फ्रीजरमध्ये ठेवलेले. नुसते कोरडे दाणे दोन मिनिटांत सांडतात आणि मग रडणं सुरू होतं. गोठलेलं खेळणं वीस मिनिटं तरी पुरतं. खेळणं त्याच्या जबड्याला पुरेसं मोठं असावं, घशात अडकेल एवढं लहान नको. पहिल्या दिवशीच थेट जेवणाला हे सुरू करू नका. दोन-तीन दिवस भलत्याच वेळी, तुम्ही जाळीच्या अलीकडे बसून पुस्तक वाचताना, खेळणं देऊन पाच-पाच मिनिटांचा सराव करा. बंद दारापेक्षा जाळी बरी, तुम्ही दिसता म्हणून रडणं कमी होतं. एकटेपणाने तो घाबरत असेल, म्हणजे लाळ गळते, दार ओरबाडतो, खेळण्याला तोंडही लावत नाही, तर त्याला तिथे सोडू नका. हा प्रश्न मागण्याचा नाही आणि त्यावर वेगळं काम करावं लागतं.

काही घरं इथेच थांबतात: रोज जाळी, रोज खेळणं, विषय संपला. त्यात काहीही कमीपणा नाही. लहान मूल घरात असताना तर मी हाच पर्याय बरीच वर्षं चालू ठेवीन. पण कुत्रा जेवताना तुमच्यात बसावा असं वाटत असेल, तर त्याला जेवताना काय करायचं नाही हे सांगून भागणार नाही, काय करायचं ते शिकवावं लागेल. सर्वांत सोपं म्हणजे स्वतःच्या चटईवर पडून राहणं.

न घसरणारी, तो अंग पसरून झोपू शकेल एवढी चटई घ्या. जेवणाच्या जागेपासून दोन-तीन मीटरवर, त्याला सगळे दिसतील पण कोणाच्या जाण्यायेण्यात येणार नाही, अशी तिची जागा. रोजच्या खाद्यातले ३० ग्रॅम दाणे सकाळीच डब्यात बाजूला काढा. अवघड प्रसंगांसाठी मीठ-मसाला न घातलेल्या उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे ठेवा. सराव दिवसातून दोनदा, तीन-चार मिनिटं, जेवणाच्या वेळा सोडून.

पहिले काही दिवस हुकूम द्यायचाच नाही. चटई अंथरा. त्याने पाय ठेवला की दाणा चटईवर ठेवा, पुढच्या दोन पायांच्या मध्ये. हातातून भरवू नका. हातातून दिलं की नजर हाताला चिकटते, आणि तीच मोडायची आहे. चटईवर ठेवलं की नाक खाली राहतं, खाणं या जागेतून येतं हे त्याला पटतं. पाच-सहा दाणे एकामागून एक द्या, मग ‘चल’ म्हणून एक दाणा बाहेर फेका, म्हणजे तो उठेल आणि परत येण्याची संधी मिळेल. नंतर फक्त खाली बसण्याला, मग फक्त आडवं पडण्याला दाणा. दहापैकी आठ वेळा तो आपणहून चटईवर जाऊन पडू लागला, की त्याच्या निघण्याआधी ‘जागेवर’ हा शब्द जोडा. शब्द आधी आणि सवय नंतर असं केलं, तर शब्द नुसता आवाज होऊन राहतो.

मग वेळ वाढवा. २ सेकंद, ५, ३, १०, ४, १५ असं खालीवर करत मिनिटापर्यंत न्या. सरळ चढत्या क्रमाने वाढवलं की काम दर वेळी जडच होत जातं आणि तो मध्येच सोडून देतो. मिनिटभर जमलं की जेवणाची नक्कल सुरू करा: तुम्ही खुर्चीत बसून लगेच उठलात, बसून राहिलात, रिकामं ताट आलं, चमच्याचा आवाज झाला, एकाने कोरडं काही खाल्लं, दोघांनी खाल्लं, शेवटी खरं गरम जेवण. नवी पायरी आली की वेळ पुन्हा कमी करा. वेळ, अंतर आणि मोह यांतली एकाच वेळी एकच गोष्ट अवघड करायची. तो लागोपाठ दोनदा उठला तर तो हट्टी नाही, तुम्ही घाई केलीत. मागच्या पायरीवर या.

इथे एक चूक बहुतेकांकडून होते. तो उठतो, तुम्ही परत पाठवता, चटईवर पोचल्याबरोबर शाबासकीचा दाणा देता. आठवडाभरात तो नवीन खेळ शिकतो: उठायचं, फेरी मारायची, परत जायचं, दाणा घ्यायचा. म्हणून परत आल्यावर लगेच काही नाही. पाच-दहा सेकंद शांत पडला, मग दाणा. आणि परत नेताना बडबड, विनवणी, ओढाताण नको. चटईकडे हात दाखवा, तेवढं पुरे.

पहिल्या खऱ्या जेवणाला पाच मिनिटांचंच ध्येय ठेवा. दर पाच-दहा सेकंदांनी दाणा, पाच मिनिटं झाली की जाळीपलीकडे खेळणं. पुढच्या दिवसांत अंतर अनियमित वाढवत न्या: अर्धा मिनिट, दहा सेकंद, एक मिनिट, तीन मिनिटं. बेभरवशाच्या बक्षिसाची जी चिवट सवय तुमच्या विरोधात होती, ती आता चटईच्या बाजूने लागते. काही आठवड्यांनी जेवणात दोन-तीनदा आणि ताटं उचलल्यावर शेवटचा, एवढ्यावर भागतं. ताटं उचलून झाल्याशिवाय ‘चल’ म्हणायचं नाही. मूल जेवत असतानाचा सराव मात्र चटई जाळीच्या पलीकडे ठेवूनच.

यात दाणे देणारा माणूस लागतो, आणि तुमच्या घरी तो आहे. सासऱ्यांना ‘देऊ नका’ म्हटलंत तर ते लपवून देतील, आणि कुत्र्याच्या दृष्टीने लपवून दिलेलं म्हणजे बेभरवशाचं, सगळ्यात चिवट. त्याऐवजी डबा त्यांच्या हातात द्या: ‘बाबा, याला तुम्हीच द्यायचं, पण चटईवर पडलेला असेल तेव्हा आणि यातलंच.’ त्यांचा देण्याचा आनंद शाबूत राहतो, फक्त जागा आणि वस्तू बदलते. ताटातलंच द्यायची त्यांची फार इच्छा असेल, तर चालण्यासारखा एखादा तुकडा बाजूला ठेवून जेवणानंतर तासाभराने कुत्र्याच्या भांड्यात घालायचा.

चालण्यासारखा म्हणजे काय, हे मात्र त्यांना स्पष्ट सांगा, कारण इथे प्रश्न शिस्तीचा राहत नाही. कांदा आणि लसूण शिजलेले असोत की पूड, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. थकवा, फिकट हिरड्या, गडद लघवी अशी लक्षणं काही दिवसांनी दिसतात, म्हणून ताटातल्या घासाशी कोणी संबंध जोडत नाही. फोडणीचं, रश्श्याचं म्हणून बादच. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले तर सुरक्षित असं प्रमाण नाही. चॉकलेट जितकं गडद तितकं घातक. साखरविरहित च्युइंगगम आणि काही पीनट बटरमधलं झायलिटॉल हे गोडी आणणारं द्रव्य अर्ध्या तासात रक्तातली साखर पाडू शकतं. शिजवलेली हाडं टोकदार फुटतात. तेलकट, चरबीयुक्त घासाने स्वादुपिंडाला सूज येते. यातलं काही पोटात गेलं तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करा. मीठ पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नका, त्या मिठाचीच विषबाधा होते.

प्रमाणाचंही सांगा. वरखाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसायला हवा, म्हणजे तुमच्या कुत्र्याला ८० किलोकॅलरी. चीजचा २५ ग्रॅमचा एक चौकोन १०० च्या आसपास जातो. एक चौकोन दिला की दिवसाचा कोटा संपून वर जास्तच झालं. डब्यातले दाणे रोजच्या खाद्यातूनच काढलेले असल्याने त्यांना हा हिशोब लागत नाही.

टेबलावरून किंवा ओट्यावरून चोरी होत असेल तर त्याला शिकवण्यापेक्षा ओटा मोकळा ठेवणं स्वस्त पडतं. एकदा यश मिळालं की चोरीला तुमच्या बक्षिसाची गरज उरत नाही.

पाहुणे आले की सुरुवातीचे काही महिने थेट जाळी आणि खेळणं. प्रत्येक पाहुण्याला नियम समजावत बसण्यात अर्थ नाही, आणि एका पाहुण्याने प्रेमाने दिलेला एक तुकडा महिनाभराच्या सरावावर पाणी फिरवायला पुरतो. कधीतरी, सगळं सुरळीत चालू असताना, तो अचानक उठून पुन्हा मांडीवर पंजा ठेवेल. सुटलेल्या सवयी अशा डोकं वर काढतात. त्या वेळी कोणीच काही दिलं नाही, तर दोन-तीन जेवणांत ते विरतं. त्या दिवसांत चटईवरचे दाणे थोडे लवकर लवकर द्या. कोणाच्या हातून तुकडा सुटलाच, तर ते लपवू नका, एकमेकांना सांगा आणि पुढचे चार-पाच दिवस पुन्हा जाळीपासून सुरुवात करा.